दाताच्या मुळातली सहा वर्षं

प्रणिताचा नंबर एकोणचाळिसावा होता. शाळेच्या व्हरांड्यात सकाळपासून रांग लागली होती. यंत्र चालवणारा माणूस तिचा नवराच होता, तरी ती रांगेतूनच आली. प्रफुल्ल कोडापेला ते बरं वाटलं. मोहाळीचा तो जलसुरक्षक होता, म्हणजे गावातल्या पाण्याचे नमुने घेणारा, तपासायला पाठवणारा आणि कुठलं पाणी प्यायचं नाही हे लोकांना सांगणारा ग्रामपंचायतीचा माणूस. पंधरा वर्षं तो हेच करत होता. गावातले पाचही हातपंप त्यानं स्वतःच्या हातानं लाल रंगवले होते. त्या पाण्यात फ्लोराइड होतं, प्यावं त्याच्या चौपट-पाचपट. यवतमाळच्या दक्षिणेला, या खडकाळ पट्ट्यात, जमिनीखालचं पाणी पिढ्यान् पिढ्या असंच होतं. पिणाऱ्याचे दात आधी पिवळे पडत, मग गुडघे धरत, मग माणूस वाकत जाई.

"पट्टी दातांत धर. हलू नको. चार मिनिटं," तो सगळ्यांना सांगत होता तसंच तिलाही म्हणाला.

पडद्यावर तिची वलयं उमटू लागली.

हे यंत्र गावात येऊन तीनच दिवस झाले होते. २०४१ सालचा जानेवारी होता. दाताच्या मुळाभोवती एक पातळ थर असतो, तो दाताला जबड्यात धरून ठेवतो. हा थर दरवर्षी थोडाथोडा वाढत राहतो, झाडाच्या बुंध्यात वर्षाला एक वलय पडावं तसा. त्या वर्षी रक्तात जेवढं फ्लोराइड फिरत असेल, त्यातलं थोडं त्या वलयात कायमचं अडकून बसतं. पूर्वी हे वाचायचं तर दात उपटून त्याचा काप काढावा लागे. आता न्यूट्रॉनांचा एक सौम्य झोत हिरडीतून आत जाई. फ्लोराइडचे अणू ते न्यूट्रॉन गिळून क्षणभर अस्वस्थ होत आणि काही सेकंदांत किरण सोडून शांत होत. किती किरण आले आणि कोणत्या वलयातून आले, एवढंच यंत्र मोजत असे. फ्लोराइड कमी असलेलं वर्ष निळं दिसे, जास्त असलेलं तपकिरी.

सकाळपासून प्रफुल्लनं बहुतेक एकच चित्र पाहिलं होतं. आतली जुनी वलयं तपकिरी, बाहेरची सहा निळी. सहा वर्षांपूर्वी गावात पाणी शुद्ध करण्याचा फिल्टर बसला होता. ती सहा निळी वलयं पाहताना प्रत्येक वेळी त्याला आत कुठेतरी ऊब वाटत होती. त्याचं स्वतःचं चित्र तसंच होतं. त्याच्या आईचं, मैनाबाईचंही.

प्रणिताची सगळी वलयं तपकिरी होती, अगदी बाहेरच्यापर्यंत. शेवटची दोन तर सगळ्यांत गडद.

प्रफुल्लनं पट्टी काढली, स्पिरिटनं पुसली, पुन्हा तिच्या दातांत दिली. पुन्हा चार मिनिटं. चित्र बदललं नाही.

"काय झालं जी?" प्रणितानं विचारलं.

"काही नाही. यंत्र गरम झालं असेल."

रांगेतला पुढचा माणूस खोकला. ती उठली. वळताना नुसती मान न वळवता अख्खी वळली, पाठीला फळी बांधल्यासारखी. असं वळताना त्यानं तिला कितीदा तरी पाहिलं असणार. त्या दिवशी त्याला ते पहिल्यांदा दिसलं.

संध्याकाळी घरी ती भाकरी थापत होती. तो चुलीजवळ जाऊन उभा राहिला.

"तू हातपंपाचं पाणी पितेस?"

तिचे हात थांबले नाहीत. "यंत्रानं सांगितलं काय?"

"मी तुला विचारतो."

"पिते ना जी."

"घरात फिल्टरचा कॅन येतो. दर दोन दिवसांनी येतो."

"एक कॅन येते," ती म्हणाली. "तुमची बाटली भरली, आईचा पाण्याचा गुंड भरला, रेलाची शाळेची बाटली भरली. भात, वरण फिल्टरच्याच पाण्यात शिजवायचं. पाणी आटलं का फ्लोराइड घट्ट होते, हे तुमीच सांगितलं ना? मग दुसऱ्या दिवशी दुपारी कॅनमंधी काय उरते, ते कधी पाह्यलं काय?"

"मग सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. दोनदा." तिचा आवाज चढला नाही. "पह्यल्या खेपेस तुमी म्हणाले, पुरवून घे. दुसऱ्या खेपेस म्हणाले, जलसुरक्षकाच्याच घरी दोन कॅन गेले तर गाव काय म्हणेल?"

त्याला ते आठवत होतं. विसरण्यासारखं नव्हतंच. तालुक्याच्या प्रशिक्षणात त्यानं हेच वाक्य अभिमानानं सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"पण तुला माहीत होतं ना, ते पाणी काय करतं?"

"तुमच्यापेक्षा जास्त माहीत हाये. माझा बाप वाकला तो वाकलेलाच गेला." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "पण त्यानं एका दिवसात काही होत नाही ना जी. तहान लागली, पंप दारात हाये, एक गिलास पेला. आज काही झालं नाही. उद्याही होत नाही. मंग रोजचंच होते."

दाराशी मैनाबाई काठीवर रेलून उभी होती. तिचे दोन्ही गुडघे कधीच सरळ होत नसत. चालताना ती खुर्चीतून अर्धवट उठल्यासारखी दिसे.

"मले काऊन नाही सांगितलं वं पोरी?" ती म्हणाली. "मी म्हातारी. मी पेली असती पंपाचं."

"तुमचे गुडघे आधीच गेले, आई."

"म्हणून तू तुये घालवले?"

प्रणितानं भाकरी उलटली. त्यांची मुलगी रेला शेजारून धावत आली आणि तिनं भाकरी मागितली. मग तो विषय तिथंच राहिला.

ज्या औषधासाठी ही सगळी तपासणी चालली होती त्याला गाव 'मोकळी' म्हणत असे, ते हाडं मोकळी करतं म्हणून. औषधाचं पथक घेऊन आलेल्या डॉक्टर रेहाना काझी आरोग्य उपकेंद्रात बसत. दुसऱ्या दिवशी प्रफुल्ल प्रणिताचा अहवाल घेऊन त्यांच्यासमोर बसला.

"तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलंय, तरी पुन्हा सांगते," त्या म्हणाल्या. "हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण शरीर ते सारखं मोडत असतं आणि सारखं बांधत असतं. फ्लोराइड शिरलेलं हाड मोडायला कठीण जातं, म्हणून ते साठतच राहतं. मोकळीतला एक भाग हे जुनं हाड मोडण्याचा वेग वाढवतो. दुसरा भाग एक प्रथिन आहे. काही जिवाणू आपल्या अंगातलं फ्लोराइड पकडून बाहेर फेकतात, त्यांच्याकडून ते घेतलंय. हाडातून सुटलेलं फ्लोराइड ते रक्तात धरतं आणि आतड्यावाटे बाहेर काढतं. म्हणजे किडनीवर भार येत नाही. महिन्याला एक सुई, अठरा महिने."

"मग प्रणितालाही द्या ना."

"गेल्या दोन वर्षांची वलयं निळी असतील तरच देता येते."

"आजपासून ती पंपाला हात लावणार नाही. मी लिहून देतो."

"प्रफुल्लभाऊ, तिच्या शब्दावर विश्वास नाही म्हणून हा नियम नाही." त्यांनी अहवाल त्याच्याकडे फिरवला. "हे बाहेरचं ताजं फ्लोराइड हाडात अजून नीट बसलेलंही नाही. सुई दिली की ते सगळं एकदम सुटतं. तेवढं धरणं प्रथिनाला झेपत नाही. त्याच वेळी शरीर नवं हाड बांधत असतं, ते सुटलेलं सगळं शोषून घेतं, आणि जिथं नको तिथंही बांधत सुटतं. पहिल्या चाचणीत एका बाईनं सांगितलं, मी स्वच्छ पाणीच पिते. आम्ही मानलं. अकरा महिन्यांत तिची मान आणि कंबर दोन्ही जाम झाली. ती खोटारडी नव्हती. घरातल्या माणसांसमोर विचारलं होतं, ती दुसरं काय सांगणार?"

प्रफुल्लनं अहवालाची घडी घातली. मग म्हणाला, "दोन वर्षांत तिचं काय होईल?"

"मानेचा एक्स-रे काढून आणा."

तो त्यांनी काढून आणला. मणक्यांच्या मागच्या बाजूनं एक पांढरी रेघ उतरली होती. मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचं हाड होऊ लागलं होतं.

"हे किती वेगानं वाढेल, मला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कदाचित थांबेलही. स्वच्छ पाणी द्या, दूध, शेवग्याची पानं, चिंच, आवळा. याच्यापलीकडे आज माझ्या हातात काही नाही."

त्या दुपारी मैनाबाईनं त्याला हाताला धरून बाजूला नेलं. "यंत्र तुयाच हातात हाये ना, बाबू? माया कागदावर तिचं नाव टाक. मायी सुई तिले लागू दे."

त्यानं आईला सगळं समजावून सांगितलं. तिला ते कळलं की नाही कोण जाणे. पण कळूनही तो स्वतःच दोनदा संगणकासमोर जाऊन बसला. दोघींचे अहवाल पडद्यावर शेजारी शेजारी उघडले. नाव बदलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. त्याला यंत्र फसवता आलं असतं, हाड फसवता येत नव्हतं. त्यानं पडदा बंद केला.

मोहाळीत एकशे चौऱ्याण्णव मोठ्या माणसांची तपासणी झाली. सत्तेचाळीस अपात्र ठरले. त्यातल्या त्रेचाळीस बायका होत्या, बहुतेक सुना.

पहिले काही दिवस गावानं यंत्रालाच नावं ठेवली. पुरुष म्हणाले, बायकांचे दात वेगळे असतात, त्यांना यंत्र चालत नाही. मग घराघरांत भांडणं झाली. एका घरी सासूनं सुनेला विचारलं, तू आमचं नाव खराब करायला मुद्दाम पंपावर जात होतीस का? शेजारची सुनंदा एकदा प्रफुल्लला रस्त्यात गाठून म्हणाली, "भाऊजी, माया कागद घरी देऊ नका. यंत्र बिघडलं होतं म्हणा." तिची वलयं प्रणिताच्या वलयांहून गडद होती. त्यानं तिचा कागद कपाटात ठेवून दिला. जलसुरक्षक म्हणून हे चुकीचं होतं. दिला असता तर त्याहून काय बरं झालं असतं, हेही त्याला सांगता आलं नसतं.

ग्रामसभेत तो उठून उभा राहिला. "कॅन घरामागं देऊ नका. डोक्यामागं द्या."

"फिल्टर तेवढं पाणी देते काय?" सरपंच म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. "बोअरलाच पाणी कमी. त्यातलं अर्धं फिल्टर फेकून देते. अन् डोक्यामागं दिलं तरी प्रफुल्ल, घरात गेल्यावर वाटणार कोण? बाईच ना?"

प्रफुल्ल खाली बसला.

नदीकाठच्या एका गावात एक विहीर होती, अकरा किलोमीटरवर. तिचं पाणी त्यानं तीनदा तपासलं. मग रोज सकाळी मोटारसायकलला दोन कॅन बांधून तो तिथून पाणी आणू लागला. एक कॅन प्रणिताचा, तिच्या एकटीचा. दुसरा सुनंदाच्या ओट्यावर ठेवायचा. सुनंदाची सासू त्यातलं पाणी कोणाला देते, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारून तिसरा कॅन बांधता येणार नव्हता.

मैनाबाईला सुया सुरू झाल्या. पहिले तीन महिने काहीच झालं नाही. सहाव्या महिन्यात ती म्हणाली, रात्री गुडघे ठणकत नाहीत. दहाव्या महिन्यात तिनं काठी भिंतीला टेकवली आणि अंगणाच्या टोकापर्यंत गेली. गाव बघायला आलं. डॉक्टरांनी तिचं चालणं मोबाइलवर टिपून घेतलं. मैनाबाई मात्र अंगणात हिंडायची नाही. प्रणिता समोर असली की ती बसून राही आणि उठायचं झालं तर पूर्वीसारखी वाकून उठे.

"सरळ चाला ना आई," एकदा प्रणिता म्हणाली. "मले काही वाटत नाही."

"मले वाटते ना," मैनाबाई म्हणाली.

प्रणिताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. मग कपाचा कान हातातून सुटू लागला. ब्लाउजची हुकं रेला लावून द्यायची. सरळ पाठीवर निजता येत नव्हतं, म्हणून ती भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या झोपायची.

प्रफुल्ल तिचं पाणी मोजायचा. सकाळी किती ग्लास, दुपारी किती, कोणत्या कॅनमधलं. नमुने घ्यायला निघाला तरी मधेच घरी चक्कर टाकायचा. दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात फिल्टरमधला पाणी गाळणारा पडदा फाटला. नवा पडदा यायला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे सुया थांबल्या आणि अख्खं गाव पुन्हा लाल पंपावर गेलं. तेव्हा तो दिवसातून दोन खेपा करायचा आणि प्रणितासमोर बसून राहायचा, ती ग्लास संपवेपर्यंत.

"तुमी पाहारा देऊन राह्यले काय?" एके दिवशी ती म्हणाली.

"यंदाचं वलय बिघडायला नको."

"सहा वर्षं पाह्यलं नाही. आता पाहून राह्यले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. त्यानंतर तो ग्लास ठेवून बाहेर जाऊ लागला आणि दाराआडून पाहू लागला. तिला ते ठाऊक होतं. ती रेलाला हाक मारायची नाही, मैनाबाईला पाणी विचारायची नाही, मुकाट्यानं पिऊन ग्लास पालथा घालायची. लग्नाला बारा वर्षं झाली होती. एवढा वेळ तो तिच्याजवळ कधी बसला नव्हता, आणि एवढं कमी बोलणंही त्यांच्यात कधी झालं नव्हतं.

२०४३ च्या जानेवारीत यंत्र पुन्हा मोहाळीत आलं. या वेळी प्रफुल्लनं तिला सगळ्यांत आधी बसवलं. गाव काय म्हणेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं पट्टी तिच्या दातांत दिली. चार मिनिटांनी पडद्यावर तपकिरी वलयांच्या बाहेर दोन बारीक निळी वलयं दिसली. शेजारी हिरव्या अक्षरांत 'पात्र' असं आलं.

"निळी हायेत," तो म्हणाला. "दोन्ही."

प्रणितानं पट्टी काढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसली.

सुई सुरू करण्याआधी डॉक्टर काझींनी मानेचा एमआरआय सांगितला. तो जिल्ह्याच्या ठिकाणी झाला. फोटो त्यांनी दोनदा बघितले. मग त्यांनी प्रणितालाच जवळ बसवलं आणि बोट ठेवून दाखवलं.

"हा मज्जारज्जू. हात, पाय, सगळं चालतं ते याच्या जोरावर. आणि हे मागून त्याला दाबणारं हाड. ही पट्टी होती, तिचं पूर्ण हाड झालंय."

"सुई घेतली का ते जाईल?"

"नाही, प्रणिताताई. मोकळी हाडातलं फ्लोराइड काढते. जिथं हाड असायलाच नको होतं तिथं तयार झालेलं हाड ती काढू शकत नाही. पण पुढचं वाढणं थांबेल."

"अन् ऑपरेशन?" प्रफुल्लनं विचारलं.

"मी नागपूरला दोघांना फोटो पाठवले. दोघंही नाही म्हणाले. मणके इतके ठिसूळ झालेत, की ते हाड काढताना पायसुद्धा जाऊ शकतात."

"दोन वर्षांआधी सुई दिली असती तर?"

"तर कदाचित यापेक्षा लवकर इथं पोचलो असतो." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला दुसरं काही सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं."

येताना एसटीत प्रणिता खिडकीशी बसली. बाहेरचं बघायला मान वळत नव्हती, म्हणून ती आडवी बसली, पाय वाटेत सोडून. लोक ओलांडून जात होते. प्रफुल्ल प्रत्येकाला म्हणत होता, "जरा सांभाळून, त्यांना बरं नाही." एवढंच त्याला करता येत होतं.

तिनं सुया घेतल्या, अठराही. दुखणं पुष्कळ उतरलं. हाडांतलं फ्लोराइड निम्म्यावर आलं. तिचं नाव एका अहवालात 'चांगला प्रतिसाद' या मथळ्याखाली छापून आलं. मान तशीच राहिली, हनुवटी छातीकडे किंचित झुकलेली. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डाव्या हातात वस्तू टिकत नव्हती. पण त्यापुढे काही गेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं.

त्या वर्षाच्या शेवटी फिल्टर नवा आला, मोठा आला. आता घरात दोन कॅन येत. नदीकाठच्या खेपा बंद झाल्या. पाणी पुरून उरत होतं, एवढं की मैनाबाई उरलेलं तुळशीला घालायची.

मान मागे जात नसल्यामुळे प्रणिताला ग्लासातून पिता येत नव्हतं. ग्लास तिरका करायला नाक आडवं येई. नळी तिला आवडत नसे. म्हणून प्रफुल्ल तिला चमच्यानं पाजायचा. दुपारी तो घरी यायचा, हात धुवायचा, तिच्यासमोर पाटावर बसायचा आणि एकेक चमचा तिच्या ओठाशी न्यायचा. एक ग्लास पाजायला पाव तास लागे. त्या पाव तासात कधी ती गावातलं काही सांगे, कधी तो.

एका दुपारी अर्धा ग्लास झाल्यावर तिनं ओठ मिटले.

"अजून घे."

"पुरे."

"सकाळपासून एवढंच झालं. उन्हाचे दिवस आहेत."

"राहू द्या ते. रेला येईल शाळेतून. तहान तहान करत येते."

प्रफुल्लनं चमचा ग्लासात ठेवला. "प्रणिता, घरात दोन कॅन भरून आहेत. एकाचं तर झाकणही उघडलं नाही."

"माहीत हाये जी," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा चमचा भरला आणि तिच्या तोंडाशी नेला. तो तसाच धरून बसला. हात भरून आला, तरी तिनं तोंड उघडलं नाही.